खापरपणजोबांचा माग : उपरी कुळापर्यंत पोहोचलो

आमच्या घराण्याची वंशावळ शोधताना फसली १२८७ (फसली म्हणजे महसुली साल) च्या खातेयादीत जिचं नाव सापडलं होतं ती बाई आमची खापरपणजीच, हे आता पक्कं झालं. तिच्या नावापुढे ‘कोम’, म्हणजे अमक्याची बायको, आणि त्यापुढे नवऱ्याचं नाव. आपल्याकडच्या फसलीत ५९० मिळवले की इसवी सन, आणि वर्ष मृगाला बदलतं, म्हणजे जून १८७७ ते जून १८७८. खातं बायकोच्या नावावर चढलंय, त्याअर्थी खापरपणजोबा त्याआधी गेलेले. इतके दिवस त्यांच्याबद्दल एवढंसुद्धा ठामपणे सांगता येत नव्हतं.

नावं इथे लिहीत नाही. भावकी मोठी आहे आणि वाटपाचं एक प्रकरण अजून मिटलेलं नाही. गावही कासारी नदीकाठचं, पन्हाळ्याच्या बाजूचं, एवढंच पुरे.

वंशावळ शोधणारी नवीन मंडळी हमखास विचारतात, जनगणनेत बघितलं का? बघितलं, पण नावासाठी नाही. इंग्लंडात १८४१ पासूनच्या गणनेत घरोघरची नावं मिळतात, ते वाचून आपल्याला हुरूप येतो. आपल्याकडे १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री गणना झाली, करवीर (कोल्हापूर) संस्थानातही झाली. पण तक्ते तयार झाल्यावर घरोघरच्या याद्या जपून ठेवल्या गेल्या नाहीत. उरले ते आकडे. त्या आकड्यांचा उपयोग वेगळा आहे. १८७२ ला संस्थानची लोकसंख्या आठ लाखांच्या थोडी वर होती आणि १८८१ लाही ती आठ लाखांच्याच घरात राहिली. मध्ये १८७६-७७ चा दुष्काळ. पुढच्या दहा वर्षांत ती नऊ लाखांवर गेली आणि १९०१ ला पुन्हा किंचित घटली, तेव्हा प्लेग येऊन गेला होता. म्हणजे आपला माणूस कोणत्या वर्षांच्या आसपास कागदातून नाहीसा होऊ शकतो, याचा अंदाज बांधायला गणना कामाची. नाव हवं असेल तर जमिनीकडेच जावं लागतं.

जमिनीकडे जायचं तर माणसाच्या मागे लागण्यापेक्षा डागाच्या, म्हणजे जमिनीच्या तुकड्याच्या, मागे लागावं, या मताला मी आता आलोय. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव. समजा, येसू बिन राणू (राणूचा मुलगा येसू), मग राणू बिन येसू, मग परत येसू बिन राणू. भावकीत चुलत्याच्या घरातही तीच दोन नावं फिरतात. एकाच गावात एकाच काळी तंतोतंत त्याच नावाचे दोन खातेदार निघतात. आमच्यात निघाले. नावावरून कोण कुणाचा हे ठरवायला गेलात तर जन्म जाईल. डाग मात्र जागचा हलत नाही.

उलटं जायची वाट अशी. आजचा सातबारा गट नंबरचा. एकत्रीकरण योजना १९४७ च्या कायद्यातली, तिने जुने सर्व्हे नंबर मोडून गट केले. कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला, ते योजनेच्या ९(३), ९(४) च्या उताऱ्यात असतं. तो उतारा हातात नसताना जुने फेरफार मागू नका, नुसती शोधफी भरत बसाल. सर्व्हे नंबर कळला की फेरफारांची साखळी धरून मागे मागे जायचं. मधल्या नोंदींत ‘अ.पा.क.’ दिसलं की थांबायचं. अज्ञान मुलाचं पालन करणारी व्यक्ती कोण, हे तिथे लिहिलेलं असतं आणि नातं एका ओळीत उलगडतं. ‘ए.कु.मॅ.’ असेल तर एकत्र कुटुंबातला कर्ता कोण ते कळतं, पण बाकीचे भाऊ त्या नावाआड दडलेले असतात. त्यांच्यासाठी वाटपाची नोंद शोधावी लागते. त्याही मागे गेलं की जुन्या मोजणीचे कागद : शेतवार पत्रक, कडई पत्रक, टिपण. टिपणात मापं असतात, माणसं नसतात, तरी ते सोडू नका.

आमच्या त्या दोन सारख्या नावांचा गुंता सुटला तो चतुःसीमेने. गहाणाच्या एका जुन्या कागदात पूर्वेस ओढा, दक्षिणेस शेरी (सरकारी मालकीची जमीन), पश्चिमेस एका कुळाचं वावर, उत्तरेस वाट असं लिहिलेलं. आज ओढा तिथेच आहे. वाटेचा रस्ता झाला. शेरीत आता ऊस उभा आहे, पण म्हातारी माणसं त्या जागेला अजून शेरीच म्हणतात. राहिला पश्चिमेचा शेजारी. त्याचं नाव शेतवार पत्रकात लगतच्या नंबराला मिळालं. दुसऱ्या नावबंधूची जमीन गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, माळावर. झालं. शेजाऱ्याने आमचा माणूस ओळखून दिला.

आता नवा भाग. सुगी झाल्यावर हेळवी आले होते. कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना हेळवी सांगायला नकोत, बाकीच्यांसाठी एवढंच की पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घरांची वंशावळ राखणारी ही माणसं. येतात, वही उघडतात, एका दमात पिढ्या म्हणून दाखवतात, नवी नावं चढवून घेतात आणि धान्य, पैसा घेऊन पुढच्या गावाला जातात. यंदा मी त्यांना सोप्यात बसवून सावकाश म्हणायला लावलं. सहाव्या पिढीपाशी ते म्हणाले, “तुमचं मूळ हितलं न्हवं, पावणं. कासारीच्या वरल्या अंगाचं. तिघं भाऊ, त्यातला मधला खाली आला.”

आमचे चुलत आजोबा, आम्ही आबा म्हणतो, ताडकन उठले. “कोण म्हणतंय? पांढरीत (गावठाणात) आपलं घर पाटलाच्या घराला लागून हाय!”

हेळव्यांच्या तोंडचं सगळं खरं धरायचं नसतं, हे मला मान्य. घराण्याची थोरवी वाढवून सांगणं हा त्यांच्या कामाचाच भाग. पण इथे त्यांनी थोरवी कमी करून सांगितली होती, म्हणून माझे कान टवकारले.

जुन्या गावकागदांतली एक लावणीची, म्हणजे कुणी कोणती जमीन कसायला घेतली याची, यादी माझ्याकडे आधीपासून होती. मोडीत, बोरूने लिहिलेली. सन ‘इहिदे खमसैन मयातैन व अलफ’, म्हणजे जुन्या दप्तरांतल्या सुहूर कालगणनेचं १२५१, त्यात ५९९ मिळवले की १८५०. यादीत आमच्या माणसाच्या बापाचं नाव आहे हे मला माहीत होतं. पण नावावरच नजर खिळल्यामुळे यादीची मांडणी मी पाहिलीच नव्हती. आता पाहिली. वरचा भाग मिराशी, म्हणजे गावात वंशपरंपरेने हक्क असलेल्या, कुळांचा, खालचा उपरी कुळांचा. आमचं नाव खालच्या भागात आहे. म्हणजे १८५० साली आम्ही त्या गावात बाहेरून येऊन जमीन कसणारे होतो. हेळव्यांची वही आणि गावची यादी एकमेकींना ओळखत नाहीत, तरी दोन्ही एकच सांगतात. याला मी पुरावा म्हणतो.

आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “कुळकर्ण्यानं लिवलंय न्हवं? मग झालं.” त्यांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. १९१८ ला शाहू महाराजांनी कुलकर्णी वतन बंद करून तलाठी नेमले, तोवर गावचं दप्तर कुलकर्ण्याच्या घरात आणि त्याच्या हातात होतं. आपल्या मर्जीतल्याला मिराशी आणि इतरांना उपरी दाखवल्याची शंका घेता येते. पण आमच्या त्या काळच्या मामुली कुळाशी कुणी मुद्दाम वाकडं घ्यावं, इतके आम्ही मोठे नव्हतो.

कौटुंबिक गोष्टीतला दुसरा भाग म्हणजे खापरपणजोबा ‘थोरल्या दुष्काळात’ गेले. खात्याच्या सालाशी ते जुळतं, पण मी ते अजून वंशावळीत लिहिलेलं नाही. पन्हाळ्याच्या पश्चिम अंगाला पाऊस शिरोळपेक्षा कितीतरी बरा, आणि माणूस भुकेनं गेला, पटकीनं गेला की वयानं, हे खातं सांगत नाही. गावची जन्ममृत्यूची नोंद, आपण जिला कोतवाल बुक म्हणतो, ती आमच्या गावची त्या सालापर्यंत मागे जातच नाही. जी आहे तिच्यात खापरपणजीचा मृत्यू सापडायला हवा. एका कार्यालयात अर्ज पडून आहे. “पुढच्या सोमवारी या” ऐकून मी परत येतोय.

मोडी शिकणाऱ्यांसाठी थोडं. आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरं लटकवलेली असतात, शब्दांत जागा नसते, ऱ्हस्व-दीर्घ एकच. त्यामुळे नावं वाचताना गावातल्या आजच्या नावांची यादी शेजारी ठेवा. कुंडलीच्या अक्षरावरून नव्हे तर घराण्याच्या सवयीवरून नाव ओळखू येतं. बोरूचं मोडी वाचायला सोपं. पुढे लोखंडी टाक आले आणि कारकुनांची घाई वाढली, तिथे डोळे जातात. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी वाचकांना मागणी इतकी वाढली की वंशावळीसारख्या बिनमहत्त्वाच्या कामाला कुणी वेळ देईना. एका अर्थी बरंच झालं, स्वतः वाचायला बसलो.

पुढचं काम अवघड आहे. कासारीचा वरचा भाग म्हणजे बराचसा विशाळगड जहागिरीचा मुलूख, ठाणं मलकापूर. कोल्हापूरकरांनी हे ध्यानात ठेवावं : संस्थान म्हणजे सगळंच करवीर दरबारच्या खालसा, म्हणजे थेट ताब्यातल्या, मुलखातलं नव्हे. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी, कापशी यांचा कारभार आपापला आणि कागदही आपापले. खालसातही पेटे, म्हणजे तेव्हाचे तालुके, होते : करवीर, पन्हाळा, शिरोळ, आळते, गडहिंग्लज, भुदरगड. आजच्या तालुक्याचं नाव सांगून कागदांचा रुमाल (गठ्ठा) मागितला तर कारकून मान हलवतो. हातकणंगल्याकडची गावं आळते पेट्याखाली शोधावी लागतात.

मधला भाऊ खाली का आला, याचे माझ्याकडे तर्क आहेत. वर डोंगरउताराची नाचणी-वरी, खाली नदीकाठची भाताची जमीन. तीन भावांत वरची जमीन पुरेना, हे सगळ्यात साधं कारण. १८४४ ला पन्हाळ्यावर गडकऱ्यांचा (किल्ल्यावरच्या वतनी शिपायांचा) उठाव झाला, त्या धामधुमीत उठून आला असेल असं आमचे एक मेव्हणे छातीठोक सांगतात, पण त्यांना प्रत्येक घराण्यात एक बंडखोर हवाच असतो. वरच्या गावात राहिलेल्या दोन भावांच्या वंशजांकडे तेच हेळवी जातात का, हे पुढच्या सुगीला विचारणार आहे. जात असतील तर मूळ गावाचं नाव त्यांच्याच वहीत मिळेल.

तोवर एक मागणं. विशाळगड जहागिरीतल्या गावांची १८५० च्या आधीची जमाबंदी (महसूल आकारणीचा कागद) किंवा थळझाडा (गावातल्या जमिनींची जुनी नोंद) कुणी पाहिला असेल, तर त्यात गाव सोडून गेलेल्या कुळांची नोंद कशी करत, ‘परागंदा’ असा शेरा मारत की खातं नुसतं पड दाखवत, एवढं सांगा. त्यावर कोणती पानं आधी मागायची ते ठरेल.