कान्हेरीची कारवी आणि राणीबागेतली वटवाघळं

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०२४ मध्ये कारवीच्या झुडपांना बहर आला होता. त्याआधी तो २०१६ला आला होता, म्हणजे पुढचा थेट २०३२च्या सुमारास. त्यामुळे तेव्हा सकाळी उद्यानातल्याच कान्हेरी लेण्यांकडची कारवी आणि दुपारनंतर भायखळ्याच्या राणीबागेतली वटवाघळं, असा बेत आम्ही मुद्दाम आखला.

कारवी जवळून बघा. जांभळट निळी फुलं लांबूनही दिसतात, पण फुलोऱ्याचा चिकटपणा आणि उग्र वास जवळ गेल्याशिवाय कळत नाही. आग्यामाश्यांची ये-जा अखंड चालू असते, तेव्हा अत्तर लावून जाऊ नका आणि माश्या हाताने हाकलू नका. एरवी कुडाच्या भिंतींना काठ्या पुरवणारं हे झुडूप वर्षानुवर्षं नुसतं पानांवर असतं. मग अख्खा उतार एकदमच फुलतो आणि बी धरून एकदमच मरतो. वाळलेली बोंडं पुढच्या पावसाच्या सुमारास तडकतात, बी तिथेच आसपास पडतं. फूल तोडाल तर त्या झाडाला दुसरा हंगाम नाही, एवढं लक्षात ठेवा.

वटवाघळाचं सगळं याच्या उलट. मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू, पण बी पेरण्याचं काम रोज रात्री. वड-उंबराचा रस गिळून चोथा थुंकायचा. पोटात गेलेलं बारीक बी विष्ठेतून कोसभर लांब जाऊन पडतं. राणीबागेत उंच झाडांवर ती उलटी लटकलेली असतात. उकाड्यात एक पंख उघडून सावकाश वारा घेत असतात, मध्येच शेजाऱ्याशी कचाकचा भांडतात. दुर्बीण हवीच.

कारवीसाठी लोक रांगा लावतात आणि वटवाघळांना दगड मारतात, हे मला फार लागतं. १९७२च्या वन्यजीव कायद्यातही फळं खाणारी वटवाघळं कावळ्या-उंदरांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. ती यादी २०२२च्या दुरुस्तीने गेली. लोकांच्या मनातून ती अजून जायची आहे.

राष्ट्रीय उद्यान सोमवारी आणि राणीबाग बुधवारी बंद असते. बोरिवलीहून दादरला गाडी बदलून भायखळ्याला उतरा आणि पूर्वेला बाहेर पडा. वटवाघळं अंधार पडताना उडतात, तोवर बाग बंद झालेली असते. म्हणून बाहेर रस्त्यावर थांबा. खाली पडलेल्या वटवाघळाला किंवा त्यांनी कुरतडलेल्या फळाला हात लावू नका.