दोन लडी जांभळ्या लोकरीच्या: काय विणायचं ठरलं आणि काम कुठवर आलं

हातातला माल

हाताने रंगवलेली मेरिनो (मेरिनो मेंढीची मऊ लोकर), २ लडी. प्रत्येकी १०० ग्रॅम, ४०० मीटर, म्हणजे ग्रॅमला ४ मीटर. सुपरवॉश, म्हणजे धुताना आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली; नायलॉन अजिबात नाही. रंग पिकल्या जांभळाचा, मध्ये मोरपिशी पट्टा, वर हळदीसारखे बारीक शिंतोडे. लडीचा फेरा १५० सेंमी. त्यात साधारण १०० सेंमी जांभळा आणि ५० सेंमी मोरपिशी.

फेऱ्याचा आकडा लेबलवर नसतो. गुंडा करण्याआधी लड टेबलावर ताण न देता पसरायची आणि एका धाग्याची पूर्ण वाट टेपने मोजायची. एकदा गुंडा झाला की हे माप मिळत नाही. लडी सहसा उघडल्या उघडल्या गुंडाळल्या जातात आणि मग रंग एका जागी का साचला याचा शोध सुरू होतो.

दोन्ही लडी एकाच रंगाच्या म्हणून आल्या असल्या तरी दिवसाच्या उजेडात एक किंचित निळसर आहे. हाताच्या रंगाईत हे होणारच. ट्यूबलाइटखाली फरक दिसत नाही, म्हणून तुलना खिडकीशीच करावी.

रंग सुटतो का

प्रत्येक लडीतून वीतभर धागा कापून ओल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून अर्धा तास ठेवला. एकीचा डाग नाही, निळसर लडीचा फिकट गुलाबी डाग. आम्लरंगाने, म्हणजे आम्ल आणि उष्णतेने पक्क्या होणाऱ्या रंगाने रंगवलेल्या लोकरीवर उपाय सोपा आहे. लड चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवायची, मग लिटरला एक मोठा चमचा पांढरा व्हिनेगर घालून मंद आचेवर उकळीच्या अलीकडेपर्यंत न्यायची. तिथे ३० मिनिटं ठेवून त्याच पाण्यात पूर्ण गार होऊ द्यायची. ढवळायचं नाही. व्हिनेगरऐवजी लिंबूसत चालतं. हे भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

लोकर मंजिष्ठा, डाळिंबाची साल अशा वनस्पतीजन्य रंगांची असेल तर यातलं काही करू नका, आम्लाने छटा बदलते. निळीचा (इंडिगोचा) प्रश्न आणखी वेगळा. तिचा वरवर राहिलेला रंग बोटांना आणि सुईला लागतो. तो पुन्हा पुन्हा धुऊनच जातो. धुवायला रिठ्याचं पाणी किंवा सौम्य शांपू. कपड्यांची पावडर क्षारयुक्त असते, लोकरीचा पोत तिच्याने बिघडतो.

काय काय बाद झालं

हाफ स्वेटर पहिल्याच हिशेबात गेला. एवढ्या बारीक लोकरीत मध्यम मापाला हजार मीटरच्या आसपास लागतात, हातात ८००. उरलेलं साध्या अ‍ॅक्रिलिकने भरून काढायचा मोह होतो. तो टाळावा, कारण धुतल्यावर मेरिनो पसरते, अ‍ॅक्रिलिक तसंच राहतं आणि जोडावर चुण्या पडतात.

बाळंतविडा म्हणजे टोपी, मोजे, कुंची. मीटर पुरले असते, पण गडद रंग, रोजची धुणी आणि तान्ह्या बाळाच्या तोंडात जाणारे बंद हा मेळ बरा नाही. शिवाय एवढ्या लहान तुकड्यात पट्टा कुठेही पडतो: एक मोजा मोरपिशी, दुसरा जांभळा.

मोठ्यांचे मोजे अडले ते टाचेपाशी. नायलॉन नसलेली मेरिनो टाचेला लवकर विरते. रंगाचंही गणित आड आलं. १२ नंबरच्या (२.७५ मिमी) सुयांवर २० टाके उसवून धागा मोजला तर २४ सेंमी, म्हणजे टाक्याला १.२ सेंमी. ६४ टाक्यांच्या एका फेरीला सुमारे ७७ सेंमी, दोन फेऱ्यांना १५४. लडीच्या फेऱ्याच्या इतकं जवळ गेलं की मोरपिशी पट्टा पायाभोवती नागमोडी चढत जातो. कोणाला ते आवडतंही, पण या रंगात ते सूज आल्यासारखं दिसतं.

स्टोल जवळजवळ ठरलाच होता. ८ नंबरच्या (४ मिमी) सुयांवर, दोन्ही बाजूंनी सुलट विणीत, धुतल्यानंतर १० सेंमीत २० टाके येतात आणि टाक्याला १.६ सेंमी धागा जातो. म्हणजे ९४ टाक्यांची ओळ बरोबर १५० सेंमी खाते. आणि ९४ टाके म्हणजे ४७ सेंमी, नेमकी स्टोलची सोयीची रुंदी! दर दुसऱ्या ओळीला मोरपिशी त्याच काठाशी येऊन ठेपणार आणि मोठा डाग तयार होणार. ८० टाक्यांवर तो तिरका सरकतो, तरी दिसतोच.

इथे एक खुलासा. नमुन्याचा तुकडा २० टाक्यांचा विणून रंग कसा पडेल ते कळत नाही. छोट्या तुकड्यात पट्टे छान बारीक दिसतात आणि पूर्ण रुंदीवर सगळं चित्र बदलतं. तुकड्यावरून घ्यायचे ते आकडे, रंग नाही.

ठरलं: वरून खाली त्रिकोणी शाल

त्रिकोणात दर दोन ओळींनी ४ टाके वाढतात, त्यामुळे ओळीची लांबी कधीच एका जागी थांबत नाही आणि पट्ट्याला रेंगाळायला वाव मिळत नाही. मीटर शेवटपर्यंत वापरता येतात, कारण त्रिकोण कुठल्याही ओळीवर संपवला तरी तो त्रिकोणच असतो.

वापराचाही विचार होता. इथे ग्वाल्हेरात संक्रांत म्हणजे ऐन थंडी, आणि काळ्या साडीवर जांभळा-मोरपिशी उठून दिसतो. डिसेंबरात इथल्या तानसेन समारोहाला, म्हणजे संगीत महोत्सवाला, उघड्यावर बसायचं तर खांद्यावर काही हवंच. मात्र जाळीची वीण घेतली नाही. चंदेरीच्या जरीत आणि साडीच्या पिनेत ती अडकते, आणि इतक्या रंगांत जाळीची नक्षी दिसतही नाही. नक्षी हवी तर एकरंगी लोकर घ्यावी. इथे रंगच नक्षी आहे, म्हणून वीण साधी.

सुया: ८ नंबर, म्हणजे ४ मिमी, ८० सेंमीची गोल सुई. आपल्याकडच्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. मिमीत लिहिलेला नमुना वाचताना हमखास उलटं होतं. १० नंबर ३.२५ मिमी, १२ नंबर २.७५. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दुकानात हिंदीत ‘सलाई’ मागायची, टाक्याला ‘फंदा’ म्हणायचं. सरळ सुयांवर दोनशेच्या वर टाके दाटतात आणि टोकाने सुटतात, म्हणून गोल सुईच.

सुरुवात: २ टाके घालून ६ ओळी सुलट. सुई न वळवता पट्टीच्या बाजूने ३ टाके उचलायचे, मग सुरुवातीच्या काठाचे २. एकूण ७. मधल्या टाक्याला खुणेचा दोरा.

सुलट बाजूची प्रत्येक ओळ: २ सुलट, धागा पुढे घेऊन एक वाढ, मधल्या टाक्यापर्यंत सुलट, वाढ, मधला टाका सुलट, वाढ, शेवटच्या दोनपर्यंत सुलट, वाढ, २ सुलट. उलट बाजूला सगळं सुलट. या दोन ओळींना खाली ‘जोडी’ म्हटलं आहे.

टाक्यांची तपासणी: ७ अधिक जोड्यांच्या चौपट. २० जोड्यांनंतर ८७, ४० नंतर १६७. आकडा २ ने कमी आला तर बहुतेक मधल्या टाक्याच्या दोन्हीकडची वाढ राहिलेली असते. १ ने कमी आला तर कडेची. दर १० जोड्यांनी मोजलं तर दोनचार ओळींत दुरुस्ती होते.

लडी आळीपाळीने

पहिल्या जोडीपासून एक जोडी एका लडीची, एक दुसरीची. निळसर फरक असा विरघळतो की शोधूनही सापडत नाही. पहिली लड संपवून दुसरी लावली असती तर खांद्याखाली सरळ रेघ दिसली असती.

धागा बदलताना नवा धागा जुन्याच्या खालून घ्यायचा आणि कडेने वर नेताना सैल सोडायचा. ताणला तर ती कड आखडते आणि शाल एका बाजूने वर ओढली जाते. पहिल्या १२ जोड्यांत हेच दिसलं. डावी कड १ सेंमीने आखूड भरली, उसवून पुन्हा विणली. आता बदलाच्या वेळी पहिला टाका विणून झाल्यावर कड बोटाने हलकेच ओढून पाहायची.

त्रिकोणातही काही जागा अवघड असतात. दोन ओळींचा एकूण धागा फेऱ्याच्या पटीत आला की पट्टा थोडा वेळ थबकतो. या मापात ते ४७, ९४, १४१, १८८ टाक्यांच्या आसपास. ४७ ला, म्हणजे दहाव्या जोडीपाशी, मानेजवळ मोरपिशी ठिपका दिसायला लागला. दुसऱ्या लडीचा धागा ४० सेंमी पुढून, जांभळ्याच्या मधून लावला आणि दोन्ही लडींचे पट्टे एकमेकांपासून सरकले. ९४ ला काही करावं लागलं नाही, १४१ ला थोडी तिरपी छटा आली, ती राहू दिली.

आजची स्थिती

६० जोड्या, सुईवर २४७ टाके, वापर ६१ ग्रॅम. विणकाम अर्ध्याच्या पुढे दिसतं, पण लोकर तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी गेली आहे. त्रिकोणाचा खर्च खोलीच्या वर्गाने वाढतो: निम्म्या खोलीला पाव लोकर, सुमारे ७० टक्के खोलीला निम्मी. ‘निम्मी झाली आणि इतकीच लोकर गेली’ या आनंदात रुंद काठाचा बेत करू नये.

अंदाज असा: टाके बंद करायला ६ ग्रॅम राखून उरतात १९४. त्याला ६१ ने भागून वर्गमूळ काढलं तर १.७८. गुणिले ६०, म्हणजे १०७ जोड्या, ४३५ टाके. मधली खोली ७५ सेंमीच्या जवळ, वरची लांबी दीड मीटर. सुपरवॉश ओलं झालं की आणखी पसरतं, म्हणून वाळवताना टोकं ओढायची नाहीत, पिना फक्त आकारापुरत्या. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. सावलीत, सपाट. डिसेंबरच्या धुक्यात दोन दिवस धरावेत.

शेवटच्या जोड्यांना प्रत्येकी साडेतीन ग्रॅम लागतील. हिशेब दोन लडींचा आहे, एकत्र वजन फसवतं: काट्यावर १० ग्रॅम दिसतील आणि प्रत्यक्षात ५ इकडे, ५ तिकडे असतील, म्हणजे टाके बंद करायला राखलेले ६ ग्रॅम एकाही लडीत सलग नाहीत. ९५ व्या जोडीपासून प्रत्येक गुंडा वेगळा तोलायचा, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. निळसर लडीत ६ ग्रॅम बाजूला राहतील असं पाहून शेवटच्या जोड्या दुसऱ्या लडीच्या करायच्या. टाके बंद करताना दोन टाके एकत्र विणून तो टाका परत डाव्या सुईवर, सुई ६ नंबरची. ८ वरच बंद केलं तर खालची कड ताठ राहते आणि टोकं वर वळतात.