अक्षरजुळणीच्या कंपनीला लिहिलेले दुसरे पत्र

आमच्या खानापूरच्या छापखान्यात चार संगणक आहेत आणि चारही २०१६ साली घेतलेले आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षा-सुधारणा मिळणे, संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, ते यांच्यात नाही. यंत्रे मात्र धडधाकट आहेत आणि ती भंगारात घालायला माझे मन घेत नाही. म्हणून त्यांतल्या दोन संगणकांवर मी उबुंटू, म्हणजे लिनक्स या मुक्त प्रणालीचा एक प्रकार, बसवले. बिले, पत्रव्यवहार, स्कॅनिंग आणि छपाई ही कामे महिनाभरात सुरळीत झाली. अडले ते एकाच ठिकाणी : ज्या सॉफ्टवेअरवर आम्ही गेली पंधरा वर्षे लग्नपत्रिका आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल जुळवत आलो, ते फक्त विंडोजवर चालते.

सीमाभागात हे काम दोन लिप्यांत चालते. पत्रिकेची एक बाजू मराठीत असते आणि दुसरी पुष्कळदा कन्नडमध्ये. या कामाच्या आमच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, नाहीत. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवून त्या तयार केलेल्या आहेत. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की गणेशस्तवनाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. मुक्त प्रणालीवर मराठी नीट उमटत नाही, असा समज अनेक मुद्रक बाळगून आहेत. तो चुकीचा आहे. लिबरऑफिससारख्या प्रोग्रामांत अक्षरे जोडण्याचे काम हार्फबझ ही मुक्त प्रणाली करते. ‘वऱ्हाडी मंडळी’ हे शब्द मी मुद्दाम मोठ्या आकारात छापून पाहिले, तेव्हा ‘ऱ्ह’ अगदी हवा तसा उमटला. मजकुराची भाषा मराठी अशी निवडली आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ‘ल’ आणि ‘श’ हेही आपल्या वळणाचे येतात. म्हणजे अडचण लिपीची नाही, त्या एका प्रोग्रामची आहे.

तो प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीला पहिले पत्र मी रागाच्या भरात लिहिले. त्यात सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्याविषयी दोन पाने होती आणि मागणी एका ओळीत होती : ‘तुमचे सॉफ्टवेअर लिनक्सवर आणा.’ उत्तर आले नाही. पुढे बेळगावच्या विक्रेत्याने मला कंपनीची बाजू समजावून सांगितली, आणि ती मला रास्त वाटली. लिनक्सचे इतके प्रकार आहेत, त्यांतल्या कोणत्यासाठी बनवायचे? अडचण आली तर फोनवर उत्तर देणारा माणूस कुठून आणायचा? आणि मुळात असे गिऱ्हाईक आहे किती?

दुसरे पत्र या तीन प्रश्नांना धरून लिहिले. प्रकारांची भीती बाळगण्याचे कारण उरलेले नाही, कारण उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा-सुधारणा मिळतात आणि तेवढ्या एकीलाच आधार देतो असे कंपनीने जाहीर केले, तरी आम्हाला पुरेसे आहे. फोनच्या बाबतीत, प्रणालीच्या तक्रारी आम्ही आपसांत सोडवू आणि कंपनीकडे फक्त प्रोग्रामचे दोष नेमक्या वर्णनासह पाठवू, असे लेखी दिले. गिऱ्हाइकांची संख्या सांगण्यासाठी खानापूर, बेळगाव आणि निपाणी येथील सहा छापखान्यांच्या सह्या घेतल्या आणि प्रत्येकाच्या नावापुढे लायसन्स किती व नूतनीकरण कोणत्या महिन्यात, हे लिहिले. माझ्या मते पत्राचा सर्वांत वजनदार भाग हा तक्ताच होता. कंपनीच्या हिशोबात ज्याची नोंद होऊ शकते, अशी आमच्याकडे तेवढीच गोष्ट होती.

मागणीही लहान केली. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारी वाइन ही प्रणाली १९९३ पासून विकसित होत आहे, आणि आमचा प्रोग्राम तिच्यावर उघडतो. अडतो तो यूएसबीच्या डोंगलपाशी, म्हणजे लायसन्स तपासण्यासाठी संगणकाला लावायच्या छोट्या किल्लीपाशी, कारण तिला चालवणारा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसणारा आहे आणि वाइनमध्ये तो गाभाच नसतो. तेव्हा सगळा प्रोग्राम नव्याने लिहू नका, डोंगलऐवजी लायसन्सची फाइल द्या, एवढेच आम्ही मागितले. जोडीला जुन्या फॉन्टमधील कोणते चिन्ह युनिकोडच्या कोणत्या अक्षराशी जुळते, त्याचा तक्ता मागितला. जुन्या फाइलींतला मजकूर आमच्या गिऱ्हाइकांचा आहे, त्यामुळे ही मागणी मी विनंती म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून मांडली.

या वेळी तीन आठवड्यांत उत्तर आले. फॉन्टच्या तक्त्याविषयी त्यात एक शब्दही नाही, याचे मला वाईट वाटले. लायसन्सची फाइल मात्र तीस दिवसांच्या चाचणीसाठी मिळाली आहे. मराठी बाजू निर्दोष छापली जाते. कन्नड बाजूला काही ठिकाणी ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरात मूळ अक्षराखाली लिहिले जाणारे अक्षर, मूळ अक्षरापासून किंचित सरकते. असे सात शब्द आम्हाला सापडले. ते विंडोजवर आणि वाइनवर छापून, दोन्ही कागद शेजारी ठेवून स्कॅन केले आणि कंपनीला पाठवले. आमचे नूतनीकरण मार्चमध्ये आहे. त्याच्या अर्जावर दोन्ही मागण्या पुन्हा लिहिल्या आहेत आणि उरलेल्या पाच छापखान्यांनीही आपापल्या अर्जावर त्याच शब्दांत त्या लिहायच्या, असे ठरले आहे.