‘दाढी काढ, नाहीतर गोदामात जा’

कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत फळं आणि सुकामेवा साठवणारी कोल्ड स्टोरेजेस जागोजागी आहेत. त्यातली मोठी बहुतेक थंडाव्यासाठी अमोनियावर चालतात, आणि तो वायू गळला तर श्वासाला घातक असतो. मी औद्योगिक आरोग्य तज्ज्ञ आहे. कामगारांच्या श्वासात काय जातं, किती जातं हे मोजायचं आणि ते थांबवायचे उपाय सुचवायचे, हे माझं काम. अशाच एका कोल्ड स्टोरेजने मला बैठकीला बोलावलं. निरोप एका ओळीचा होता : मेंटेनन्समधला एक मेकॅनिक रेस्पिरेटरसाठी दाढी काढायला तयार नाही, तुम्ही येऊन त्याला नियम समजावून सांगा. रेस्पिरेटर म्हणजे विषारी हवेपासून वाचवणारं, तोंडावर घालायचं साधन.

आदल्या रात्री फाइल वाचली. मेकॅनिक शीख, पन्नाशी ओलांडलेला, कंप्रेसरच्या खोलीत कित्येक वर्षं काढलेला. विमा कंपनीच्या तपासणीनंतर व्यवस्थापनाने नवा नियम केला होता. सगळ्या मेकॅनिकांनी चेहऱ्याला घट्ट बसणारा, पूर्ण चेहरा झाकणारा रेस्पिरेटर वापरायचा, फिट टेस्ट (तो चेहऱ्याला नीट बसतो, कुठे फट राहत नाही ना, याची चाचणी) द्यायची आणि त्यासाठी गुळगुळीत दाढी करून यायचं. याने नकार दिला तेव्हा त्याला ‘तात्पुरतं’ म्हणून गोदामात, रात्रपाळीत, तासाला कमी पगारावर पाठवलं. ते तात्पुरतं काही महिने चालूच होतं. फाइलच्या शेवटी एक त्रोटक नोंद होती : कर्मचाऱ्याच्या सुपरवायझरविषयी इतरही काही तक्रारी आहेत. त्या कोणत्या, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

घट्ट बसणाऱ्या रेस्पिरेटरखाली दाढी चालत नाही, हे शंभर टक्के खरं आहे. रबराची कड आणि कातडी यांच्यामध्ये केस आले की फट राहते आणि वायू आत शिरतो. कॅलिफोर्नियाच्या सुरक्षा नियमांतलं ५१४४ क्रमांकाचं कलम तेच सांगतं आणि ते योग्यच आहे. पण त्यातली दाढीची अट घट्ट बसणाऱ्या रेस्पिरेटरबद्दल आहे. रेस्पिरेटर तेवढ्या एकाच प्रकारचे नसतात. नियमाचा अर्धाच भाग वाचून माणसाला दाराबाहेर काढलेलं मी याआधीही पाहिलं होतं, म्हणून निघताना गाडीत एक पेटी टाकली.

मी सॅक्रामेंटोजवळ राहते. तिथून हायवे ९९ ने खाली येताना स्टॉकटन लागतं. तिथला गुरुद्वारा १९१२ चा, अमेरिकेतला सगळ्यात जुना. इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या गदर चळवळीच्या क्रांतिकारकांचा तो आधार होता. त्या चळवळीत आपली माणसंही होती. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे शिकायला अमेरिकेत आले, गदरमध्ये सामील होऊन परत गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला करतारसिंग सराभांबरोबर फासावर चढले. या खोऱ्यातले शीख काल-परवा आलेले पाहुणे नाहीत. पण शंभर वर्षं होऊन गेली तरी त्यांना ओळखपत्र दाखवावंच लागतं. भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात पगडी बांधून अमेरिकेच्या सैन्यात होते, तरी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘तुम्ही गोरे नाही’ म्हणून त्यांना नागरिकत्व नाकारलं.

बैठकीआधी रिसेप्शनवर तो मेकॅनिक बसलेला दिसला. गडद निळी पगडी, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कागदाची जाड पिशवी. मी नमस्कार केला तसं त्याने हिंदीत विचारलं, “मैडम जी, आप किधर के?”

“नांदेड.”

“ओ जी, हजूर साहिब वाले!” तो उठूनच उभा राहिला. दशम गुरूंच्या अखेरच्या दिवसांचं ते ठिकाण, तिथे दोनदा जाऊन आलो, गोदावरीत स्नान केलं, असं सांगू लागला. मग एकदम थांबला आणि हळूच म्हणाला, “आप कंपनी की तरफ से हो ना?” मी म्हटलं, पैसे कंपनी देतेय पाजी, पण आकडे कुणाच्याच बाजूचे नसतात. त्याने मान डोलावली. विश्वास बसला असं काही वाटलं नाही, आणि का बसावा?

खोलीत प्लँट मॅनेजर, एचआरच्या बाई आणि स्क्रीनवर कंपनीचे वकील होते. मेकॅनिकच्या शेजारी शिखांच्या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची तरुण वकील बसली होती. अमेरिकेत अशा संस्था २००१ नंतर फार जोमाने उभ्या राहिल्या. तेव्हा तशी गरजच पडली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपाबाहेर गोळ्या घालून मारलं. मारणाऱ्याला पगडी आणि दाढी दिसली, तेवढं त्याला पुरलं.

त्या मुलीचं पहिलंच वाक्य असं : “आम्ही सूट मागायला आलेलो नाही. आम्ही रेस्पिरेटर मागायला आलोय.”

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्याची भीती खरी होती. अमोनिया गळला आणि हा माणूस आत कोसळला तर जबाबदार कोण, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मी त्याला आकडे दिले. दाढी करून जो रेस्पिरेटर घालायचा, त्याला ५० चा संरक्षण-गुणांक मिळतो, म्हणजे आतली हवा बाहेरच्यापेक्षा पन्नासपट स्वच्छ धरली जाते. दुसरा प्रकार पंख्यावर चालतो. कमरेला मोटर आणि फिल्टर, तिथून नळी आणि डोक्यापासून खांद्यापर्यंत सैल हूड. स्वच्छ हवा सतत आतून बाहेर ढकलली जाते, त्यामुळे चेहऱ्याला काही चिकटवावं लागत नाही. म्हणून फिट टेस्टही लागत नाही आणि दाढीचा प्रश्नच येत नाही. अशा हूडला २५ गुणांक मिळतो, आणि उत्पादकाकडे चाचणीचा पुरावा असेल तर १०००. मी आणलेल्या मॉडेलचा तो पुरावा पेटीतच होता.

“म्हणजे हे जास्त सुरक्षित आहे?” एचआरच्या बाईंनी विचारलं.

“तेल काढणं, व्हॉल्व्ह बदलणं, गाळण्या साफ करणं, या रोजच्या कामांसाठी, हो.”

पण एक गोष्ट मी त्याच दमात सांगितली, कारण ती न सांगणं म्हणजे त्या माणसाच्या जिवाशी खेळणं झालं असतं. अमोनिया ३०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग) वर गेला की ती हवा थेट जीवघेणी मानतात. तिथे पाठीवर सिलिंडर आणि चेहऱ्यावर घट्ट मुखवटाच लागतो, दाढीवाल्याला तिथे जाता येत नाही. यात तडजोड नाही. मॅनेजर लगेच म्हणाला, बघा, हेच तर आम्ही म्हणतोय.

मग त्या वकील मुलीने दोन कागद टेबलावर सरकवले. पहिला त्या पदाच्या कामांची यादी. मोठ्या गळतीत आत शिरणं त्यात नव्हतं. दुसरा त्याच प्लँटचा आपत्कालीन आराखडा. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की मोठी गळती झाली तर सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि अग्निशमन दलाच्या पथकाला बोलवायचं. म्हणजे या प्लँटमधला कोणताच मेकॅनिक, दाढीवाला असो की नसो, त्या हवेत पाऊल टाकणार नव्हता. जे काम कुणीच करत नाही, त्याच्यासाठी एकाच माणसाची दाढी मागितली जात होती. मॅनेजरने आराखडा उलटून पाहिला. खाली त्याचीच सही होती.

स्क्रीनवरच्या वकिलांनी खर्चाचा मुद्दा काढला. असं एक यंत्र दीड-दोन हजार डॉलरला पडतं, शिवाय फिल्टर. तिने आवाज न चढवता उत्तर दिलं. कॅलिफोर्नियाचा २०१२ चा कायदा धार्मिक पेहराव आणि केस-दाढी यांना स्पष्ट संरक्षण देतो. मालकाला ‘मोठी अडचण किंवा मोठा खर्च’ सिद्ध करावा लागतो, आणि माणसाला इतरांच्या नजरेआड हलवणं ही सोय धरली जात नाही. संघराज्याच्या कायद्यात १९७७ पासून किरकोळ खर्चाचं कारणही मालकाला पुरत होतं, पण जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेही बंद केलं. तो खटला रविवारी काम करायला नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती टपाल कर्मचाऱ्याचा होता, आणि त्याचा आधार आज या टेबलावर एका शिखाला मिळत होता. मग तिने राज्याच्या तुरुंग खात्याचं उदाहरण दिलं. त्रिलोचनसिंग ओबेरॉय यांना याच फिट टेस्टच्या कारणावरून तुरुंग अधिकाऱ्याची नोकरी नाकारली होती. २०११ मध्ये खात्याने २ लाख ९५ हजार डॉलर देऊन तडजोड केली, वर नोकरीही दिली. त्या रकमेत असे हूड किती आले असते, याचा हिशोब खोलीतल्या प्रत्येकाने मनात केला असणार.

एवढ्यावर बैठक संपली असती. पण त्या माणसाला बोलायचं होतं. इंग्रजी कामापुरतं होतं, तरी दुभाषा नको म्हणाला. त्याने पिशवीतून एक वस्तू काढून टेबलाच्या मधोमध ठेवली. प्लास्टिकच्या पाकिटातला वापरून फेकायचा रेझर, न उघडलेला. हा माझ्या लॉकरमध्ये ठेवला होता, तो म्हणाला. सुपरवायझरने, नोटीस आली त्याच दिवशी. त्याआधी ‘ओसामा’ तर रोजचंच होतं. पगडीला काय म्हणायचे तेही त्याने सांगितलं, मी ते इथे लिहीत नाही. हे सगळं एचआरला तीनदा लेखी कळवलंय, असं म्हणून त्याने त्या अर्जांच्या प्रतीही रेझरशेजारी ठेवल्या. आवाज शांत होता, हात मात्र थरथरत होते. मग माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाला, “बीस साल से ऊपर हो गए बेटा, गाड़ी पे झंडा लगा के घूमता हूँ. और कितनी सफाई दूँ?”

मी ते इंग्रजीत सांगितलं. कुणीच काही बोललं नाही. एचआरच्या बाई अर्जांवरच्या स्वतःच्या पोचीच्या सह्यांकडे बघत होत्या.

फाइलमधली ती ‘इतर तक्रारी’ची ओळ म्हणजे हे होतं. सुरक्षेचा नियम एकीकडे आणि द्वेष दुसरीकडे, असे ते दोन वेगळे विषय नव्हतेच. नियमाने सुपरवायझरला बळ दिलं होतं. इतके दिवस जे टोमण्यांनी साधलं नाही, ते आता कंपनीच्या शिक्क्यानिशी साधणार होतं. मला हे फार लागलं, कारण ‘सुरक्षा’ हा माझा धंदा आहे. माणूस जिवंत घरी जावा म्हणून आम्ही जे नियम लिहितो, ते कुणाला हाकलण्यासाठी वापरले जात असतील, तर आमच्यासारख्यांनी आधी आवाज उठवला पाहिजे. आणि हे फक्त अमेरिकेत होतं असं मानून मराठी वाचकांनी निश्चिंत राहू नये. ‘बारा वाजले’चे विनोद मी नांदेडच्या कॉलेजात, सचखंड गुरुद्वाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर ऐकलेत. वर्गातली शीख मुलं मान खाली घालून हसल्यासारखं करायची. एखाद्या समाजाला हसण्यावारी नेण्याची सवय झाली की त्याची तक्रारही कुणी खरी मानत नाही.

जेवणानंतर हूड घालून बघायचं ठरलं. मोठ्या पगडीवर तो बसत नाही. पाजी शेजारच्या खोलीत जाऊन आले, आता डोक्यावर फक्त आतली छोटी केसकी होती. कमरेला मोटर बांधली, अमोनियाचा हिरव्या पट्टीचा फिल्टर बसवला. हवेचा प्रवाह तपासायच्या नळीतली छोटी गोळी उचलली गेली आणि रेषेच्या वर जाऊन तरंगली. हूडच्या काचेमागे पांढरी दाढी छातीपर्यंत आरामात रुळत होती. मॅनेजरने स्वतः चारी बाजूंनी फिरून पाहिलं, मग विचारलं, यात वाकता येतं का? पाजी खाली बसले, उठले, जमिनीलगतचा व्हॉल्व्ह फिरवल्यासारखं केलं. हे मॉडेल ठिणगी पडू न देणारं आहे ना, हा मॅनेजरचा पुढचा प्रश्न. त्या प्रश्नाने मला बरं वाटलं, कारण आता तो यंत्र विकत घेणाऱ्यासारखा बोलत होता.

वकील मंडळी मसुदा करत बसली तेव्हा पाजींना पगडी पुन्हा बांधायची होती. “बेटा, ज़रा पकड़ोगे? पूणी करनी है.” पाच-सहा मीटर कापड बोळात ताणून धरायचं, त्याच्या सारख्या घड्या घालत आणायच्या, हे दोघांचं काम. एक टोक मी धरलं. ते दुसऱ्या टोकाकडून घड्या घालत, ताण देत पुढे आले, मग एक टोक दातांत पकडून त्यांनी लपेटायला सुरुवात केली. प्रत्येक थर आधीच्या थराच्या किंचित वर, आरशाशिवाय. बोळातून जाणारे दोन कामगार थांबून बघत होते. त्यातल्या मेक्सिकन तरुणाने विचारलं, रोज करावं लागतं हे? रोज, पाजी म्हणाले, पहाटे.

लेखी करार व्हायला पुढे काही आठवडे गेले. त्यांना कंप्रेसरच्या खोलीतली जुनी जागा मिळाली, बुडालेला पगार मिळाला, हूड कंपनीच्या खर्चाने आला. आपत्कालीन आराखड्यात कुणी आत जायचं नाही, हे सगळ्याच मेकॅनिकांसाठी ठळक केलं गेलं. टोमण्यांची आणि रेझरची चौकशी बाहेरच्या व्यक्तीकडे दिली. त्यानंतर तो सुपरवायझर त्या विभागात राहिला नाही, याहून अधिक मला कळवलेलं नाही. एचआरने ते अर्ज का दाबले, याचं उत्तर करारात कुठेच नव्हतं, आणि ते असायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

मी ज्यांच्याकडे तपासणीला जाते त्यातल्या बऱ्याच कंपन्यांच्या छापील कार्यक्रमात ‘रेस्पिरेटर वापरणाऱ्या प्रत्येकाने गुळगुळीत दाढी करावी’ असं सरसकट वाक्य असतं. त्या सगळ्यांना मी पत्र पाठवलं : ‘घट्ट बसणारा रेस्पिरेटर वापरणाऱ्याने’ एवढाच बदल करा, आणि खाली हूडचा पर्याय व तो कुणाकडे मागायचा त्याचं नाव छापा. बहुतेकांनी बदल केला. दोन ठिकाणांहून उत्तर आलेलं नाही. पुढच्या महिन्यात दोन्हीकडे मोजमापाला जायचं आहे, तेव्हा मॅनेजरसमोर तेच वाक्य उघडून ठेवणार आहे.