जनुक नाही, की मीच गाळलं?

मी काय करते असं कुणी विचारलं की आई सांगते, "डासांचं शिकते." डास नाही गं, डासातून येणारा परजीवी, हे पंधरा वर्षं सांगून झालं. गडचिरोलीत एटापल्लीकडे आशा (गावातली आरोग्य कार्यकर्ती) असलेली मावशी मात्र नेमकं सांगते: "मलेरियाच्या जंतूची कुंडली वाचते ती."

पुणे विद्यापीठाच्या बायोइन्फर्मॅटिक्स सेंटरमध्ये एमएस्सीला असताना मी फाल्सिपेरम हा मलेरियाचा परजीवी निवडला, तो चक्क आळसापोटी. 2002 साली प्रसिद्ध झालेला त्याचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर, जेमतेम 2 कोटी 30 लाख अक्षरांचा, 14 गुणसूत्रं, साधारण 5300 जनुकं. माणसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान! पण त्यातली 80 टक्के अक्षरं नुसती ए आणि टी. पानंच्या पानं एएटीएटीटीए. डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

शिवाय नमुना येतो रुग्णाच्या रक्तातून, त्यामुळे बहुतेक डीएनए माणसाचाच. तांदूळ निवडायला बसून तांदूळ फेकायचे आणि खडे जपून ठेवायचे, असं हे काम.

तर एकदा काही नमुन्यांत मला एचआरपी-2 जनुक सापडेना. मला रात्रभर झोप नाही. कारण मावशीच्या हातातलं रॅपिड किट फाल्सिपेरम ओळखतं ते याच जनुकाच्या प्रथिनावरून. प्रथिन नसेल तर पट्टीवर रेघ उमटत नाही आणि तापाने फणफणलेला माणूस निगेटिव्ह ठरतो. पेरूच्या ॲमेझॉन भागात असे परजीवी सापडल्याचं 2010 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे आफ्रिकेतल्या एरिट्रियाला तर किटच बदलावं लागलं.

सकाळी मोठ्या ऐटीत गाइडना आलेख दाखवला. त्यांनी चहाचा कप खाली न ठेवताच विचारलं, "जनुक नाहीये, की तू गाळलंस?"

गाळलंच होतं. एचआरपी-2 आठव्या गुणसूत्राच्या टोकाशी असतं, आणि तेराव्यावर त्याचा जुळा भाऊ, एचआरपी-3. दोघांतही हिस्टिडीन या अमिनो आम्लाची तीच तीच पुनरावृत्ती. डीएनएचा छोटा तुकडा नेमका कुणाचा हे प्रोग्रॅमला ठरवता आलं नाही की तो त्याला शून्य गुण देतो, आणि शून्यवाले सगळे तुकडे टाकून द्यायची ओळ स्क्रिप्टमध्ये मीच लिहिली होती. ती काढली, तर जनुक जागच्या जागी! पीसीआर करून पाहिला, तिथेही दिसलं. तेव्हापासून काहीही "नाही" म्हणण्याआधी मी आजूबाजूच्या जनुकांवर किती तुकडे बसलेत ते मोजते. आलेख अजून ड्रॉवरमध्ये आहे.

रविवारी हे सगळं फोनवर मावशीला सांगितलं. तिला फारसं काही वाटलं नाही.

"रेघ नाही आली अन् अंगात ताप दिसला, तर मी रक्ताची काचपट्टी पाठवतेच तपासायला," ती म्हणाली. "तुझ्या कम्प्युटरला नाही का तसं सांगता येत?"