तुम्ही विचारलंत म्हणून: पंक्चर मी घरीच का काढते

"अगं शंभर-दीडशे रुपयांत होतं ना, मग तू पार्किंगमध्ये बसून हात कशाला काळे करतेस?" सोसायटीत, ऑफिसात, अगदी माहेरीसुद्धा हा प्रश्न मला इतक्यांदा विचारलाय की म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं.

तीन वर्षांपूर्वी मी आणि आई शिर्डीहून नाशिकला परत येत होतो, संध्याकाळची वेळ, सिन्नरच्या थोडं अलीकडे गाडी डावीकडे ओढायला लागली म्हणून उतरून बघितलं तर मागचं चाक निम्मं बसलेलं. पुढे लगेच एक दुकान होतं. तिथला माणूस म्हणाला, "ताई, तुम्ही बसा आत, उन्हातून आलाय", आणि आईला पाणी हवं होतं म्हणून मी पण त्याच्याकडे पाठ केली. दहा मिनिटांनी म्हणे चार पंक्चर आहेत. खिळा एकच दाखवला, पैसे चारचे घेतले, अंधार पडत होता, आई बरोबर, मी मुकाट्याने दिले.

पुढच्या आठवड्यात नाशिकला टायर रिमवरून उतरवला तेव्हा आतून बघितलं. एक भोक तिरकं, खिळा जसा घुसला तसं. बाकीची तीन सरळ, एकाच जाडीची, जवळजवळ. टायरवाला म्हणाला ही सुव्याने पाडलेली आहेत. पैसे गेले त्याचं नाही हो वाटलं, पण चांगल्या टायरला मुद्दाम भोकं पाडली आणि त्याच टायरवर मी आईला घेऊन ऐंशीच्या स्पीडने घरी आले, हे मला आजही सहन होत नाही. सगळे असे नसतात हेही सांगते, कारण मला हे काम शिकवलं ते आमच्या सिग्नलजवळच्या पंक्चरवाल्या दादांनीच, तीन-चार वेळा शेजारी उभं राहून बघू दिलं आणि मग एकदा सुवा माझ्या हातात दिला.

लहानपणी बाबा चेतक स्कूटरचं पंक्चर घरीच काढायचे, रिमचे नट खोलून दोन भाग वेगळे करायचे, ट्यूब बाहेर काढायची, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं काम माझं. आताच्या गाड्यांच्या ट्यूबलेस, म्हणजे आत वेगळी ट्यूबच नसलेल्या टायरमध्ये ती कसरतच नाही. टायरच्या आतून ब्यूटिल रबराचा थर असतो, त्यातून हवा सहज जात नाही, आणि खिळा घुसला तरी रबर त्याला घट्ट आवळून धरतं, म्हणून हवा हळूहळू जाते, कधीकधी दोन-तीन दिवस लागतात. म्हणूनच माझं सगळ्यांना सांगणं असतं की खिळा दिसला रे दिसला की उपटू नका, तोच बूच आहे, आधी सामान हाताशी घ्या.

सामान म्हणजे रीमर (भोक आतून खरवडायचा खरखरीत सुवा), चार-पाच स्ट्रिप (भोकात भरायच्या चिकट रबरी पट्ट्या), त्या घालायचा नेढ्याचा सुवा, सोल्युशनची ट्यूब, पक्कड, कटर, साबणाच्या पाण्याची बाटली आणि बारा व्होल्टचा हवेचा पंप. आधी वॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून बघा, माझ्याकडे एकदा अख्ख्या टायरमध्ये काही सापडलं नाही आणि हवा जात होती वॉल्व्हच्या पिनमधून. पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर समोर येतो, मागचं असेल तर गाडी जरा पुढेमागे सरकवून खिळा हाताला येईल असा आणायचा, जॅकसुद्धा लागत नाही. हँडब्रेक, दुसऱ्या चाकाला दगड, खिळ्याभोवती खडूने गोल. खिळा कुठल्या बाजूला कलला आहे ते नीट बघून ठेवा कारण पुढचं सगळं त्याच तिरक्या वाटेने करायचंय. टायर अगदीच बसला असेल तर आधी थोडी हवा भरून घ्या, नाहीतर जोर लावला की टायरच आत दबतो.

मग पक्कडीने खिळा काढायचा आणि लगेच रीमर घुसवून आठ-दहा वेळा वरखाली करायचा. इथे बहुतेक जण घाबरतात, भोक मोठं करतोय असं वाटतं, मलाही वाटलं होतं, पण आतली बाजू खरखरीत झाल्याशिवाय स्ट्रिप धरत नाही. रीमर तसाच भोकात ठेवून स्ट्रिप नेढ्यातून निम्मी ओवून घ्या, सोल्युशन लावा, मग रीमर काढून सुवा अंगाचा भार टाकून आत ढकला, स्ट्रिपची टोकं अर्धा इंच बाहेर राहिली की थांबायचं आणि न पिळता एका झटक्यात सुवा सरळ बाहेर. स्ट्रिप आत राहते. टोकं कटरने कापा पण अगदी टायरलगत नाही, जराशी वर ठेवून. हवा भरा (माझ्या गाडीला ३३ पीएसआय, तुमचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो), परत साबणाचं पाणी टाका, बुडबुडा नाही ना बघा. पंप चालवताना गाडी चालू ठेवावी लागते तर ती मोकळ्यावर ठेवा, बंद बेसमेंटमध्ये नाही.

आणि कधी नाही करायचं ते. साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, हात लावायचा नाही. तिथे नक्षीखाली असतात तसे स्टीलचे पट्टे नसतात आणि प्रत्येक फेऱ्याला तो भाग वाकतो, स्ट्रिप टिकणारच नाही. भोक ६ मिलिमीटरपेक्षा मोठं असेल तरी नाही. बसलेल्या टायरवर गाडी चालवली असेल तर बाहेरून ठणठणीत दिसला तरी आतून चुरडलेला असू शकतो, तो खोलून बघायलाच हवा. लांबच्या प्रवासाआधी मी स्ट्रिप लावलेला टायरसुद्धा दुकानात उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे छत्रीसारखं देठवालं रबरी ठिगळ, मारून घेते, पक्कं काम तेच.

२०२० पासून नियम असा झालाय की ट्यूबलेस टायर, हवेचं प्रेशर दाखवणारी सिस्टिम आणि पंक्चर किट असेल तर छोट्या गाडीला स्टेपनी दिली नाही तरी चालते. त्यामुळे नवीन गाडी घेतली असेल तर आज डिकी उघडून बघा, स्टेपनी आहे की नुसतं किट, आणि किट असेल तर एकदा उघडून हाताळून ठेवा, रात्री घाटात पहिल्यांदा उघडायला लागू नये.

मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरचे काका आले, "अगं जरा बघतेस का". बघितलं तर बांधकामाच्या सळईने साइडवॉल कापलेली. म्हटलं काका हे मी करणार नाही आणि दुसऱ्या कोणी करून देतो म्हटलं तरी तुम्ही करून घेऊ नका. स्टेपनी काढली तर तिच्यात हवा १४, दोन वर्षांत कोणी हातच लावलेला नाही. मग आधी पंप लावून स्टेपनीत हवा भरली, काका पान्हा घेऊन नट सैल करत बसले, आणि त्यांची नात घड्याळासारखी पंपाचा काटा वाचून आम्हाला ओरडून सांगत होती, वीस, चोवीस, अठ्ठावीस.