गुऱ्हाळात हुकूम एकाचाच

कोल्हापूरच्या गुऱ्हाळात कामाचा वेग घाण्यावर नाही, काहिलीवर, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईवर ठरतो. घाणेकऱ्यानं जास्त ऊस गाळून ठेवला तर रस आंबतो, त्यातली साखर फुटते आणि गूळ बसत नाही. म्हणून काहील रिकामी होण्याच्या बेतानंच गाळप.

खरी जोडी गूळ शिजवणारा गुळव्या आणि काहिलीखालच्या चुलवाणात, म्हणजे भट्टीत, चिपाड सारणारा. दोघं चुलवाणाच्या दोन बाजूंना, एकमेकांना दिसतही नाहीत. गुळव्याच्या हाळीवर काम चालतं. रसातली मळी वर येताना जाळ मंद हवा, नाहीतर ती उकळीत मिसळते. पाक ११८ अंशांच्या आसपास आला, पाण्यात टाकल्यावर गोळी झाली, की काहील लगेच उतरवायची. चार हात आधीच तयार लागतात. इथं मालकानंही मधे बोलू नये!